‘ला पात्र’ : तांत्रिक मराठीतील संक्षेप, व्याकरण आणि वाचक

वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कामण रोड हे स्टेशन लागते. मागे तुंगारेश्वरचे डोंगर, पुढे चिंचोटीहून भिवंडीला जाणारा रस्ता आणि त्या रस्त्याच्या कडेने उभे राहिलेले गाळे, गोदामे. मधूनमधून भाताची खाचरे अजून टिकून आहेत. त्यातले एक आमचे. आजोबा त्या जमिनीचे कूळ होते. कुळकायद्याने ती त्यांच्या नावावर झाली आणि पुढे वडिलांच्या नावावर आली.

या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात एक ओळ आहे : ‘कु. का. कलम ४३ ला पात्र’. माझे वडील चौथी शिकलेले होते आणि वर्तमानपत्र नियमाने वाचत. ही ओळही त्यांनी अनेकदा वाचली होती. तिचा त्यांनी लावलेला अर्थ असा की, सरकारने आपल्याला कशासाठी तरी पात्र ठरवले आहे. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हते. पण ‘पात्र’ आहोत, म्हणजे चांगलेच असणार. १९९१ साली बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी त्यातला एक तुकडा विकायचे ठरवले. इसार घेतला, तो खर्चही झाला. मग उतारा घेऊन तलाठ्यांकडे गेले.

“भाऊसाहेब, हे पात्र म्हणजे कशाला पात्र?”

“बंधनाला, काका. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता यायची नाही.”

आईच्या पाटल्या मोडून इसार परत केला. लग्न झाले, बहीण सुखात आहे, आणि खाचरही राहिले. दोष कुणा व्यक्तीचा नव्हता. नोंद खरी होती, कायदा खरा होता, वडिलांना वाचता येत होते. तरीही त्या ओळीने त्यांना जे सांगायचे होते, त्याच्या नेमके उलट सांगितले. मी भाषाशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. एका गाळ्यात पंचवीस वर्षे यंत्रांची देखभाल केली आणि उरलेल्या वेळात मिळेल ते वाचले. पण हे कसे घडले, हा प्रश्न तेव्हापासून सुटला नाही. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाचा आहे.

कापले काय?

नोंदीचे पूर्ण रूप असे असते : ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’. आमच्या उताऱ्यावर ‘बंधनास’ गळले होते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते वाजवीच होते. कलम ४३ हे बंधनाचेच कलम आहे, हे त्याला ठाऊक होते; मग पुन्हा बंधन कशाला लिहायचे? रकाना अरुंद, हाताने लिहायचे, आणि गावात अशा नोंदी पुष्कळ.

पण मराठीत ‘पात्र’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. ‘बक्षिसास पात्र’ आणि ‘शिक्षेस पात्र’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. कोणता अर्थ घ्यायचा, हे मागचे नाम आणि त्याला लागलेला ‘स’ ठरवतो. ‘बंधनास’ काढले की ‘पात्र’ मोकळे सुटते आणि वाचकाच्या रोजच्या अनुभवातला अर्थ त्याला येऊन चिकटतो. तो अर्थ ‘लाभास पात्र’ असाच असतो, कारण सरकारी योजनांच्या याद्यांमधून हा शब्द त्याने तसाच ऐकलेला असतो. कागदावर चार अक्षरे वाचली. त्यांचा भार वाचकाच्या अंगावर पडला.

सातबाऱ्यावर असे शब्द आणखी आहेत. ‘आकार’ म्हणजे जमिनीचा आकार नव्हे, तर तिच्यावर बसवलेला सारा, तोही रुपये-पैशांत. ‘०.२०.५०’ हा दशांश अपूर्णांक नव्हे. शून्य हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर असे ते वाचायचे, म्हणजे एकूण २०५० चौरस मीटर. गुंठ्यांत सांगायचे तर वीस गुंठ्यांहून थोडे जास्त. ‘पोटखराबा’, ‘वरकस’ हे शब्द शेतकऱ्याला कळतात, कारण ते त्याच्या बांधावरून आलेले आहेत. अडते ते कायद्याच्या पुस्तकातून कापून आणलेल्या तुकड्यांपाशी.

खुद्द ‘सातबारा’ हासुद्धा एक संक्षेपच आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन नमुन्यांचे नुसते आकडे जोडले आणि मराठीला एक नवा शब्द मिळाला. ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा झाली, ‘गाव काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे का?’ हे भांडणातले वाक्य झाले. हा संक्षेप कुणालाही अडत नाही, कारण त्यातून जे गाळले ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेव्हा संक्षेप वाईट असे म्हणून चालणार नाही. गाळलेला मजकूर कुणापाशी आहे, हे पाहावे लागेल.

अर्धी मात्रा कुणाला परवडते?

आपल्याकडे संक्षेपाची प्रतिष्ठा जुनी आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा अर्थाचे वचन संस्कृत व्याकरणपरंपरेत आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बसवले. ‘अच्’ म्हटले की सारे स्वर आले. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात अध्याहृत धरायचा, ही अनुवृत्ती. त्यामुळे एखादे सूत्र सुटे काढून वाचले तर त्यातून काहीच हाती लागत नाही.

पण पाणिनीचा वाचक सूत्र सुटे वाचतच नव्हता. त्याने आधी सगळा ग्रंथ पाठ केलेला असे आणि समोर गुरू असे. शिवाय सूत्रांवर वार्तिके झाली, वार्तिकांवर पतंजलीचे महाभाष्य झाले. म्हणजे सूत्रात वाचवलेली प्रत्येक मात्रा पुढे भाष्यात सव्याज फेडली गेली. सूत्राची आटोपशीर सुंदरता आपण मिरवतो; फेड मात्र विसरतो.

महसुली नोंदही एक सूत्रच आहे. तलाठी, सर्कल, तहसीलदार या साखळीत तिचे भाष्य तोंडी चालते. फेरफार क्रमांक पाहिला की गाव नमुना ६ काढायचा, तिथून मूळ आदेश शोधायचा, ही त्यांची अनुवृत्ती. पेशवाई दप्तरातही असेच होते. परगण्यासाठी ‘प॥’, कसब्यासाठी ‘क॥’ असे लिहून कारकून पुढे सरकत, आणि वाचणाराही दप्तरातलाच असल्यामुळे काही बिघडत नसे. शेतकरी त्या साखळीच्या बाहेर होता. त्याच्यासमोर सूत्र आले, भाष्य आले नाही.

या बाबतीत आमच्याच तालुक्यातून एक जुना धडा मिळतो. नालासोपाऱ्याजवळ १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ साली तालुक्यातल्याच भुईगावातून नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. भगवानलाल जुनागढचे. लहानपणी गिरनारचा शिलालेख पाहून ब्राह्मी लिपी त्यांनी जवळजवळ स्वतःच्या बळावर शिकून घेतली, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे.

सोपाऱ्याला न मिळालेला, पण गिरनारला असलेला चौदावा लेख आपल्या विषयाला थेट भिडतो. त्यात राजा आपल्याच लेखांविषयी बोलतो. हे लेख कुठे संक्षिप्त आहेत, कुठे मध्यम, कुठे विस्तृत. सगळे सगळीकडे जुळणारे नाही. काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, कारण त्या गोड आहेत आणि लोकांनी तसे वागावे अशी इच्छा आहे. काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल, तो जागेमुळे, अन्य कारणाने किंवा लिपिकाराच्या चुकीने.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत तांत्रिक लेखनाचा हा एवढा विचार आहे. लांबी मजकुराने ठरत नाही, स्थळाने आणि वाचकाने ठरते. पुनरुक्ती हा दरवेळी दोष नसतो. आणि लिहिणाऱ्याची चूक होऊ शकते, हे लेखातच कबूल करता येते. हे लेख त्या काळच्या बोलीच्या जवळच्या प्राकृतात कोरले होते. शिळा कोरणे हे रकाना भरण्यापेक्षा कितीतरी महाग काम. तिथेही पुनरुक्तीला जागा सापडली.

लांब वाक्यांची लपवाछपवी

यावर कुणी म्हणेल, मग सगळे सविस्तर लिहावे. पण सविस्तर लेखनाचा आपला अनुभव काय आहे? नमुन्यादाखल मी एक वाक्य रचतो. तसे वाक्य वाचकांनी पाहिले असेलच :

‘सदर प्रकरणी आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल.’

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. विभक्ती जागेवर, क्रियापद जागेवर. पण कोणती कागदपत्रे? किती दिवस? पूर्तता कुणी करायची? आणि ‘निकाली काढणे’ म्हणजे मंजूर की नामंजूर? पंधरा शब्द खर्चून एकही गोष्ट सांगितलेली नाही. आता हे पाहा :

‘१५ दिवसांत वारस दाखला आणि ८अ उतारा जमा करा; नाहीतर अर्ज नामंजूर होईल.’

तेरा शब्द, आणि सगळे सांगून झाले. म्हणजे सातबाऱ्यातली तुटक नोंद आणि कार्यालयातले लांबलचक वाक्य हे एकमेकांच्या विरुद्ध टोकाला नाहीत. दोघांनीही तेच गाळले आहे : कोण, काय, केव्हा. एकाने ते शब्द कापून गाळले, दुसऱ्याने ‘करण्यात येत आहे’च्या कर्मणीआड लपवले.

आपल्याकडे तांत्रिक मराठीचा वाद झाला, तो बहुतेक शब्दांवर झाला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पदनाम कोश झाला, परिभाषा कोशांची मालिका आली, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. या कामाची मला किंमत आहे. त्याशिवाय मराठीत कारभार उभा राहिला नसता. पण ‘अधीक्षक’ म्हणावे की ‘सुपरिटेंडंट’, हा वाद घालताना ज्या वाक्यात तो शब्द बसायचा त्या वाक्याची चौकशी फारशी कुणी केली नाही. इंग्रजी कलमाचे वाक्य तसेच राहिले, त्यातले शब्द तेवढे बदलले. ‘ला पात्र’ हे त्याच वाटेने आलेले आहे.

वा, वी, वे

मग संक्षेप, व्याकरण आणि वाचनीयता तिन्ही सांभाळणारे तांत्रिक लेखन मराठीत आहे की नाही? आहे, आणि ते घराघरात आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. साहित्याच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही, पण तांत्रिक लेखन म्हणून ते वाचायला हवे. प्रमाणे वाटी-चमच्याची, म्हणजे वाचकाच्या हाताशी असलेली. साहित्य आधी, कृती नंतर. आणि कृतीत मराठीचा विध्यर्थ : घ्यावे, परतावे, उतरवावे.

या विध्यर्थाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. त्यात कर्ता सांगावा लागत नाही, आणि तरी तो हरवत नाही. पुस्तक ज्याच्या हातात, तोच कर्ता. तू, तुम्ही, आपण या पेचातूनही सुटका होते. सून वाचो की सासू, कुणाचा अपमान नाही. शिवाय क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. ‘मसाल्यात भाजी घालून परतावी’ असे मी लिहिले, तर परतायची ती भाजी. भाजी आत जाण्याआधी मसालाच परतून घ्यायचा असेल, तर ‘मसाला परतावा, मग भाजी घालावी’ असे लिहायचे. ‘वा’ आणि ‘वी’ यांत फरक एका काना-वेलांटीचा. ज्या भाषेत ही सोय नाही, तिला इथे ते नाम पुन्हा लिहावे लागेल किंवा सर्वनाम घालावे लागेल. आपल्याकडे व्याकरणच संक्षेप करते.

माझे मुख्य म्हणणे इथे येते. व्याकरण आणि संक्षेप हे एकमेकांचे वैरी आहेत, व्याकरण सांभाळले की लांबी वाढते, ही समजूत मराठीपुरती तरी चुकीची आहे. मराठीत विभक्तीचा एक ‘स’, क्रियापदाचा एक ‘वी’ पूर्ण शब्दाचे काम करतो. म्हणून शब्द कमी करायचे असतील, तर विशेषणे कापा, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ कापा, ‘याद्वारे’ कापा. प्रत्यय आणि क्रियापद शेवटपर्यंत ठेवा. आपण नेमके उलट करतो. ‘सदर’ राहते, ‘बंधनास’ जाते.

माझी पाटी

हे मी दुसऱ्यांना शिकवावे म्हणून लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

गाळ्यात एका कटिंग मशीनवर लावायला पाटी हवी होती. ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण ‘तुझं मराठी चांगलं आहे’. पेंटर अक्षरामागे पैसे घेत असे. मी चार शब्द दिले : ‘सफाईच्या वेळी मशीन बंद’. मला ते आटोपशीर वाटले. क्रियापद नव्हते, पण अर्थ उघड होता, माझ्यापुरता.

दोन महिन्यांनी जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा कामाला लागला. सातवी झालेला, वाचता येणारा. सफाई करायला सांगितल्यावर त्याने पाटी वाचली. त्याने वाचले ते असे : सफाईच्या वेळी मशीन बंद असते. म्हणजे आता सफाई आहे, तर कुणीतरी ती बंद केलेली असणार. मशीन थांबलेली दिसत होती, पण मेन स्विच चालूच होता. त्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाचे पेर गेले.

‘बंद’ हे मी आज्ञा म्हणून लिहिले होते, त्याने ते माहिती म्हणून वाचले. ‘बंद करा’, ‘बंद असावी’, ‘बंद असते’, ‘बंद आहे’ या चौघांत निवड करण्याचे काम क्रियापदाचे, आणि मी तेच कापले होते. वडिलांच्या उताऱ्यातल्या ओळीवर इतकी वर्षे चरफडणाऱ्या माणसाने स्वतः तीच गोष्ट केली होती. नवी पाटी अशी लिहिली : ‘आधी मेन स्विच बंद करा. मगच हात घाला.’ इथे विध्यर्थ नको, सरळ आज्ञार्थ हवा. धोक्यापाशी ‘करावे’ म्हणणे फार सावकाश होते. शब्द दुपटीने वाढले. पेंटरने जास्त पैसे घेतले.

वाचक बदलला

सातबाऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो गावकऱ्याला लिहिलेले पत्र नाही, सरकारचे रजिस्टर आहे. महसुली कामात ठरावीक शब्दांना किंमत असते; एकच गोष्ट दहा तलाठ्यांनी दहा तऱ्हांनी लिहिली तर घोटाळा होईल. म्हणून ठरीव नोंद हवीच. आक्षेप ठरीव असण्यावर नाही, ठरवताना कोणता वाचक डोळ्यांपुढे होता यावर आहे.

तो वाचक आता बदलला आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता १५ रुपये भरले की उतारा मोबाईलवर येतो. तलाठ्यांसमोर बसून ‘हे काय हो भाऊसाहेब?’ असे विचारण्याची वेळच येत नाही. म्हणजे सूत्र घरपोच झाले आणि तोंडी भाष्य होते तेही सुटले. २०२० साली उताऱ्याचा नमुना बदलला, गावाचा संकेतांक आला, क्षेत्राचे एकक स्पष्ट झाले. चांगले झाले. पण माझ्या पाहण्यातल्या उताऱ्यांवर ‘इतर अधिकार’ची भाषा जुनीच आहे.

शिवाय कायदाही थांबून राहत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने कलम ४३ सैल झाले. कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून आणि ठरलेल्या अटी पाळून पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येते. हे वडिलांच्या वेळी नव्हते. पण उताऱ्यावरची ओळ त्याच अक्षरांची आहे. १९९१ साली तिचा अर्थ एक होता, आज दुसरा आहे, आणि दोन्ही अर्थ ओळीच्या बाहेर आहेत. आजही आमच्या भागात कुणी ती वाचून ‘विकताच येत नाही’ असे समजतो आणि पडेल भावात सौदा करतो. कुणी ‘पात्र’ वाचून निर्धास्त राहतो.

मी माझ्यापुरती ती ओळ पुन्हा लिहून पाहिली : ‘कुळकायदा कलम ४३ : ही जमीन विकण्या-देण्यावर बंधन आहे.’ आठ शब्द. रकान्यात दोन ओळींत बसते. कलमाचा आकडा आहे, म्हणून अधिकाऱ्याचे अडत नाही. ‘बंधन’ आहे, ‘आहे’ आहे, म्हणून वाचकाचेही अडत नाही. अटी उद्या बदलल्या तरी वाक्य खोटे पडत नाही.

याहून जास्त काही नोंदीत मावणार नाही, आणि मावू नये. चौदाव्या लेखातला संक्षिप्त, मध्यम, विस्तृत हा भेद इथे कामाला येतो. रकान्यात संक्षिप्त असू द्या, कायद्याच्या पुस्तकात विस्तृत आहेच. मधले हवे आहे. ‘इतर अधिकार’मध्ये नेहमी येणाऱ्या नोंदींचा अर्थ, प्रत्येकी दोन वाक्यांत, कर्ता आणि क्रियापद शाबूत ठेवून लिहिला, तर एका पानात बसेल. त्यासाठी वेगळा कागदही नको. वडिलांचा १९९१ चा उतारा मी जपून ठेवला आहे. त्याची मागची बाजू पूर्ण कोरी आहे.